बिबट्या पाण्यात, उमरी मालवणात

ऐकलंत का? आपल्या उमरीला आता म्हणे विहीर पुरेना! जिथं पावसाळा बरा झाला तरच पोरं पोहायला शिकतात, त्या गावची माणसं सुट्टी लागली की मालवण गाठतात आणि पाठीवर टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जातात. पैसे मोजून! 1948 साली स्वातंत्र्यसैनिकांनी निजामाची बँक लुटली, ती हीच उमरी. आता स्वतःच खिसे उलटे करून लुटून घ्यायलीय.

त्यात नौदलाच्या 'गुलदार'नं तर कहरच केला. 1985 साली ताफ्यात आलेली, 80 मीटरहून लांब, रणगाडे वाहणारी युद्धनौका 12 जानेवारी 2024 ला निवृत्त झाली. आपल्याकडं निवृत्त माणूस पारावर बसतो. हिला निवतीच्या खडकांजवळ समुद्राच्या तळाशी बसवायचा घाट, तोही जवळपास 47 कोटींचा! बुडवायचीच तर आधी तेलाचा थेंब राहू नये इतकी घासूनपुसून का? तर म्हणे लोखंडावर प्रवाळ धरतं, आडोशाला मासे संसार थाटतात. आणि माशांचा संसार बघायला कोण? आपणच की! अमेरिकेनं 2006 मध्ये फ्लोरिडाजवळ अख्खी विमानवाहू 'ओरिस्कनी' बुडवली, मग आपण काय घोडं मारलंय?

बरं, गुलदार म्हणजे बिबट्या. शिवारात बिबट्याचा ठसा दिसला तर आठ दिवस रात्रीचं पाणी द्यायला कुणी फिरकत नाही. पाण्यातला बिबट्या बघायला मात्र घरदार तयार!

आमच्या गल्लीतले काका सगळ्यांत कडक. "थेरं आहेत नुसती!" दिवाळीत जावयानं मालवणला नेलं. खाली रंगीत मासे बघून काका इतके खूश, की त्यांनी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या'. नेलं. पुन्हा उतरले, पुन्हा अंगठा. असं तीनदा! व्हिडिओत तोंडात नळी, डोळे बटाट्याएवढे. आता तेच टपरीवर शिकवणी घेतात, "अरे लेका, कानात दडा बसला की नाक दाबायचं आन् हळूच फुंकायचं!" सगळी टपरी चहा खाली ठेवून नाक दाबते.

तुम्ही कशाला हसताय? काकांचा व्हिडिओ चौघांना पाठवून, वर 'कितीला पडलं?' असं हळूच कुणी विचारलं होतं? पावसाळ्यात तिकडं सगळं बंद असतं. जायचं तर त्याआधीच उरका.