देवदर्शनाला चाललोय

पाऊस लागला की आमच्या ग्रुपवर "कोंडेश्वरला जाऊया" असा मेसेज पडतो आणि त्याच सुमारास धबधब्यांवर जायला जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेशही निघतो. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, आता कलम १६३ खाली निघतो. कायदा बदलला, पण ग्रुप तोच आहे.

कोंडेश्वरचं देऊळ आणि धबधबा बदलापूरचा आणि मी बदलापूरकर, म्हणून यजमानपद माझ्याकडे. अंबरनाथकराने लोकलमध्येच सुरुवात केली, "आमचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं. तुमच्या कोंडेश्वराला कोण विचारतो?"

"तुमच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. आमच्याकडे पाणी स्वतः उतरून येतं."

उल्हासनगरचा सिंधी मित्र म्हणाला, "भांडू नका रे. जीन्सचे कारखाने जोरात होते तेव्हा आमची वालधुनी थेट मालदीवसारखी निळीशार वाहायची." यावर दोन्ही देवस्थानं गप्प.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने सांगितलं, "पुढे पोलीस आहेत. सोडतो, पण परतीचं भाडं आत्ताच ठरवा." इतका दूरदर्शी माणूस आमच्या ग्रुपमध्ये एकही नाही.

बॅरिकेडपाशी हवालदारांनी विचारलं, "कुठे?"

"देवदर्शनाला."

त्यांनी अंबरनाथकराच्या गळ्यातल्या हवेच्या ट्यूबकडे पाहिलं. "देव पोहायला बोलावतो का? कुंड वरून कमरेइतकं दिसतं. पट्टीचे पोहणारे बुडालेत त्यात. वळवा रिक्षा."

वळवली. थोडं अलीकडे एका झाडाखाली सिंधी मित्राने दाल पकवानचा डबा उघडला. हरभऱ्याची डाळ झाकणातून निसटून पिशवीभर झाली होती. त्यात टॉवेलही भिजला होता, म्हणजे सहलीत निदान तो तरी ओला झाला. पकवानाचं कातडं झालं होतं. ड्युटी संपवून निघालेले हवालदार थांबले, आग्रहाखातर एक तुकडा मोडायला गेले, तो मोडेना. "सादळलंय," असा त्यांनी पंचनामा केला. मित्राला बंदीपेक्षा तोच जास्त लागला.

तसं बदलापूरकराला पाणी बघायला डोंगरात जायची गरजच काय? २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी रुळांवर आली, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर मात्र कुणाचाच "जाऊया" नव्हता.

तुम्ही येणार असाल तर पाऊस ओसरल्यावर, बंदी उठली की या. दर्शन घ्या, कुंड काठावरूनच बघा, आणि डाळ व पकवान वेगवेगळ्या डब्यांत आणा.