आदीच दाखवल्यानी हा!

मुतखड्याने मी धनुष्यासारखा वाकलो होतो आणि कॅप्टन दाराशी खेळत होता.

कुडाळातला नवा दवाखाना. माणूस जवळ गेला की आपोआप सरकणारं काचेचं दार. कॅप्टन एक पाऊल पुढे गेला, दार उघडलं. एक पाऊल मागे आला, मिटलं. पुन्हा पुढे. शेवटी वॉचमनने विचारलं, "काका, पेशंट कोण?" मी कसाबसा हात वर केला. कॅप्टनने त्याच्याकडे ढुंकूनही न बघता मला सांगितलं, "मेल्या, दार बघलंस? ह्या आदीच दाखवल्यानी हा. १९६६ सालात!"

आत सोनोग्राफी सुरू झाली. डॉक्टर पडद्यावर माझा खडा शोधत होते. कॅप्टनने खुर्ची पुढे ओढली. "ह्या पण आदीच दाखवल्यानी हा." डॉक्टर स्वभावाने सभ्य, त्यांनी "काय?" असं विचारलं आणि फसले. 'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या जुन्या मालिकेतला डॉक्टर रोग्याच्या अंगावरून नुसतं एक यंत्र फिरवायचा, आजार कळायचा. त्याच्या ट्रेमधली काही हत्यारं म्हणजे बाजारातून आणलेली फॅन्सी मीठदाणी होती, हे सगळं त्यांना ऐकावं लागलं. सात मिलिमीटरचा माझा खडा पडद्यावर ताटकळत राहिला.

'दाखवल्यानी' म्हणजे कोणी, हे विचारायचं नसतं. विचारलंत तर दुपार गेली. 'आमच्या वेळी' म्हणत भूतकाळात रमणारी माणसं प्रत्येक गावात असतात. आमच्या मालवणात एक भविष्यकाळाच्या आठवणी काढणारा आहे, एवढाच फरक.

कॅप्टन हे नाव त्याला गावाने दिलं ते 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कवरून. एरवी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसला तरी याला मळमळतं. पर्यटक मात्र दुकानासमोर कोणी "कॅप्टन" अशी हाक मारली की थांबतात आणि "डॉल्फिन दाखवायचे किती घेता?" म्हणून विचारतात. दुकान टीव्ही दुरुस्तीचं. आता रिमोट, मिक्सर आणि डिशचं रिचार्ज यांवर चालतं. मागच्या फळीवर गिऱ्हाइकांनी परत न नेलेले सात जुने पोटवाले टीव्ही ओळीने बसलेत. कुठलंही यंत्र समोर आलं की कॅप्टन ते उलटं करतो, कथलाच्या टाक्यांवर बोट टेकवतो आणि निदान सांगतो: "ड्राय सोल्डर." म्हणजे टाका वरून घट्ट दिसतो, आत जोडलेला नसतो, थाप मारली की चित्र येतं, पाठ फिरवली की जातं. शेजारच्या दोन भावांचं बोलणं बंद झालं, तेव्हाही त्याने हेच निदान केलं होतं.

मासेवालीने टोपलीला क्यूआर कोड लावला, त्या दिवशी कॅप्टन पिशवी घेऊन समोर उभा. "ह्या आदीच दाखवल्यानी हा." ती म्हणाली, "मगे बांगडे पण तेंच्याकडसूनच घे. माका दोनशे पाठव." तारकर्लीला स्कूबाचा मुखवटा चढवलेला पर्यटक पाण्यात उतरला: आदीच दाखवल्यानी हा. किल्ल्यावर ड्रोन घिरट्या घालू लागला: आदीच. एकदा कॅप्टनची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मोबाइल फळीवर टेकवून बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलत बांगड्याचं तिखलं ढवळत होत्या. कॅप्टन पाटावर बसूनच म्हणाला, "ह्या आदीच दाखवल्यानी हा." वहिनींनी पळी खाली ठेवली. "मगे तेंकाच सांगा जेवूक वाढूक." त्या दिवशी त्याने दुकानात येऊन वडापाव खाल्ला.

जुनी मालिका पुन्हा येणार अशी बातमी आली की या माणसाच्या अंगात येतं. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने 'शक्तिमान' पुन्हा लावली. मूळ मालिका १३ सप्टेंबर १९९७ला सुरू झाली, तेव्हा कॅप्टन दोन मुलांचा बाप होता; पण पुनःप्रक्षेपणाच्या दिवशी तो डोक्याला खोबरेल थापून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसला आणि मला फोनवर धरून ठेवलं. दहा मिनिटांनी ओरडला, "शिवण दिसता मेल्या! तीच शिवण!" शक्तिमान उडताना माणूस आणि मागचं आकाश वेगवेगळं काढून एकत्र केलेलं असतं, त्या कडेची शिवण. मला वाटलं, हिरमुसला असेल. छे! हरवलेली म्हैस गोठ्यात परतावी तसा आनंद.

नव्या अवतारांवर मात्र त्याचा राग. 'नाइट रायडर'ची बोलती गाडी २००८ला नव्याने आली. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' त्याआधीच परतली होती. 'स्टार ट्रेक' तर १९६९ला बंद पडूनही आजवर पुन्हा पुन्हा उगवतेच आहे. भाच्याने एकदा मोठ्या पडद्यावर नवी मालिका लावून दिली. कॅप्टनने अर्धा तास बघितली आणि उठला. "शिवणच दिसणा नाय. माका बसाक जागा खंय?"

हे वाक्य तेव्हा मला वेडगळ वाटलं. पण दशावतार बघत वाढलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं. जत्रेत देवळासमोर एक लाकडी बाकडं असतं. इंद्र बसला की ते सिंहासन, राक्षस उभा राहिला की डोंगर. राजा त्याला एक वळसा घालतो आणि राजवाड्यातून थेट अरण्यात पोचतो. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, बोलणं जागच्या जागी सुचेल तसं. राक्षस यायच्या आधी मशालीवर राळ फेकून भडका करायचा की पोरं आयांच्या पदरात. आता पोस्टरवर 'ट्रिकसीनयुक्त' असं ठळक छापतात. कॅप्टन ते वाचून नाक मुरडतो. त्याच्या मते 'स्टार ट्रेक' हे इंग्रजी धयकालं, म्हणजे दशावतारच. यान दर वेळी ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून त्यांनी माणसांना चमचम करत थेट खाली पाठवायची युक्ती काढली. ती चमचम म्हणजे प्रकाशात उधळलेली ॲल्युमिनियमची पूड. आणि दवाखान्यातल्यासारखी ती आपोआप सरकणारी दारं? पडद्याआड माणसं उभी राहून ओढायची.

आता मुख्य आख्यानाकडे येतो, कारण कॅप्टनही प्रत्येक वेळी फिरून तिथेच येतो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. माडाला बांधलेल्या बांबूवर अँटेना, तिचं तोंड पणजीकडे, आणि ती फिरवायला कॅप्टन स्वतः वर, असं तो सांगतो. पावसात चित्र यायचं, आवाज नाही. एका रविवारी तो भाग लागला. कर्क आणि त्याचा साथीदार स्पॉक दगडी कमानीतून १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये जातात. गोरगरिबांना सूप वाटणारी एडिथ नावाची बाई भेटते, कर्कचा जीव तिच्यावर जडतो. स्पॉक भाड्याच्या खोलीत रेडिओचे व्हॉल्व्ह आणि तारा जोडून यंत्र बनवतो, पुढचं कळावं म्हणून. टीव्ही मेकॅनिकचा पोरगा हे बघून खुळा झाला नसता तरच नवल. ते यंत्र दोन भविष्यं दाखवतं: एकात एडिथ त्याच वर्षी अपघातात जाते, दुसऱ्यात ती १९३६ला राष्ट्राध्यक्षांना भेटते. खरं कुठलं हे कळायच्या आत यंत्र जळतं.

आणि त्याच क्षणी मालवणची लाईट गेली.

"स्पॉकान ड्राय सोल्डर ठेवल्यान," हे कॅप्टनचं निदान. पुढचं त्याला दिसलंच नाही. म्हणून तो पुनःप्रक्षेपणाची वाट बघत राहिला, असं आम्ही सगळे समजून होतो. विलायतेत बीबीसीने 'डॉक्टर हू'च्या जुन्या टेपा पुसून टाकल्या, तेव्हा शौकिनांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेला आवाजच काय तो कित्येक भागांचा उरला. आमच्याकडे कॅप्टनच्या तोंडून उरलेला अर्धा भाग.

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ आलं. माड आडवे, खांब आडवे, कित्येक दिवस काळोख. मोबाइल मेले. तिसऱ्या रात्री कॅप्टनने आपल्या खळ्यात बाकडं मांडलं. वाडीतली पोरं जमली. एकाने रिकाम्या डब्यावर मृदंग धरला. कॅप्टनने बाकड्याला एक वळसा घातला आणि न्यूयॉर्क आलं. काळोखात 'इडिथबाय' अवतरली. यंत्र जळलं. मग रस्ता, समोरून ट्रक. स्पॉक गंभीर आवाजात म्हणाला, "ही वाचली तर इतिहास बिघडतलो." कॅप्टन कर्कने झेप घेतली, बाईला ओढलं, ट्रकवाल्याने खाली उतरून माफी मागितली. एक पोरगी म्हणाली, "आणि इतिहास?" कॅप्टन म्हणाला, "तो थांबता गो. तेची काय एसटी चुकता?"

पोरं हसली. त्या रात्री मीही तिथेच झोपलो.

गेल्या पावसाळ्यात मला तो भाग मोबाइलवर सापडला. १९६७चा. मी शेवटपर्यंत बघितला. एडिथ ट्रकखाली जाते. यानावरचा डॉक्टर तिला वाचवायला धावतो आणि कर्क, तोच कर्क, त्याला मिठी मारून अडवतो. कारण ती जगली तर महायुद्धाचा निकाल फिरणार असतो. मग मी इतर भागही बघत सुटलो. कॅप्टनने जत्रेत, बाजारात, माझ्या मुतखड्यावर 'दाखवल्यानी' म्हणून सांगितलेल्या गोष्टींपैकी कितीतरी तिथे नव्हत्याच. मासेवालीच्या टोपलीतलं तर काहीच नव्हतं. जयंत नारळीकरांनी १९७४ला 'कृष्णविवर' ही कथा स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आमच्या गड्याने आपल्या मनातल्या गोष्टी सरळ 'तेंच्या' नावावर टाकल्या.

आणि एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. बाई वाचली तर इतिहास बिघडेल, हे स्पॉक सांगतो ते यंत्र पुन्हा दुरुस्त झाल्यावर. म्हणजे मालवणची लाईट गेल्यानंतर.

मी मोबाइल घेऊन दुकानात गेलो. कॅप्टन कोणाचातरी रिमोट उघडून बसला होता.

"तुया ह्यो भाग पुरो बघलंस," मी म्हटलं. "कधी?"

त्याने मान वर केली नाही. "तौक्तेच्या आदीच. भाच्यान काढून दिल्यान."

"मगे पोरांका शेवट तसो कित्याक सांगलंस?"

"तेंचो शेवट बिघडलेलो आसा. ड्राय सोल्डर." त्याने तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक राळेच्या डबीत टेकवलं. "मी दुरुस्त केलंय."

धूर वर चढला आणि दुकानभर जत्रेचा वास सुटला.