बेल्टेनचे जुने मित्र

इंग्लंडमधल्या पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गधर्म नव्याने मानणाऱ्या, मंडळींत ‘जुने मित्र’ हा एक वेगळा वर्ग आहे. ते नेहमी दोघे दिसतात, पण जोडपे म्हणून नव्हे. तो बहुधा ग्रंथपाल, ती शाळेत विज्ञान शिकवणारी. दोघेही पन्नाशीच्या आसपासचे. वीसेक वर्षांपूर्वी पबच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या मासिक बैठकीत ओळख झालेली असते. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला आणि सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’ हा त्यातलाच एक पंथ. आपण कुठे बसतो हे ठरवायला या दोघांनी फोनवर दीड तास घालवला.

पेगन वर्षात आठ सण असतात: दोन अयने, दोन संपात आणि त्यांच्या मधले चार. हे चक्र पुरातन म्हणून मिरवले जात असले, तरी आठांची आजची मांडणी १९५०च्या दशकात जमली आणि सप्टेंबरच्या सणाला ‘मेबन’ हे नाव एका अमेरिकन लेखकाने १९७०च्या दशकात दिले. जुन्या मित्राला हे माहीत असते, कारण ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन त्याने वाचलेले असतात. दर सप्टेंबरला तो हे मैत्रिणीला नव्याने सांगतो. ती दर सप्टेंबरला नव्याने ऐकते. जाणकाराला इथेच संशय यायला हवा.

संकोची माणसाला वर्षात एखादाच मुहूर्त मिळाला, तर तो धडपडून गाठतो. जुन्या मित्राला दर साडेसहा आठवड्यांनी नवा मिळतो, म्हणून त्याला एकही गाठता येत नाही. डिसेंबरातल्या अयनाला, म्हणजे यूलला, दारावर मिसलटो टांगतात आणि त्याखाली सापडलेल्यांनी चुंबन घ्यावे असा तिकडचा रिवाज आहे. मिसलटो म्हणजे आपल्या बांडगुळाचे भावंड. तो शिडीवर चढतो, ती शिडी धरते. टांगून झाल्यावर तो वनस्पती अर्धपरोपजीवी असल्याचे सांगतो आणि दोघे वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. जूनमध्ये स्टोनहेंजला सूर्योदय पाहायला जावे, तर ढग. ढगांखाली काय बोलायचे? थर्मासमधला चहा मात्र दोघांना पुरतो.

सगळी भिस्त बेल्टेनवर असते. १ मेचा हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडचा. रोगराई टळावी म्हणून गुरे दोन होळ्यांमधून हाकली जात. आता गुरांची जागा प्रेमिकांनी घेतली आहे. फुलांचे मुकुट, रंगीत फितींचा खांब, आगीवरून जोडीने उडी. एडिंबरात १९८८पासून ३० एप्रिलच्या रात्री कॅल्टन टेकडीवर याचा मोठा सोहळा होतो. गावोगावच्या छोट्या मेळाव्यांत मात्र हे दोघे असे येतात: तिच्याकडे प्रथमोपचाराची पेटी, त्याच्या अंगावर स्वयंसेवकाचे चमकते जाकीट. सगळी तरुण मंडळी उड्या मारून पांगली, की वाळूची बादली घेऊन आग विझवायला हेच मागे राहतात.

प्रकरण घडते ते इथे. जाळ घोट्याएवढा उरलेला असतो. वाया कशाला घालवायचा, असे ती म्हणते. तिचा गुडघा दुखरा, म्हणून तो हात देतो. उडी होते, हात सोडायचा राहून जातो. बाकी मंडळींना हे बारा वर्षांपूर्वीच कळलेले असल्यामुळे कुणीही आश्चर्य व्यक्त करत नाही, आणि दोघे त्यामुळे काहीसे दुखावतात.

पुढच्या बेल्टेनला हँडफास्टिंग होते. यात वधूवरांचे हात दोरीने बांधतात. आपल्याकडे उपरण्याला शालूची गाठ मारतात, तिकडे थेट मनगटांना. इंग्लंडात एवढ्याने कायदेशीर लग्न होत नाही, स्कॉटलंडात होऊ शकते. बरेच जण हे बंधन एक वर्ष आणि एक दिवसाच्या बोलीवर घेतात, म्हणजे जमते का ते पाहता येते. वीस वर्षे एका थर्मासमधून चहा प्यालेले हे दोघेही गंभीरपणे तीच मुदत निवडतात.

मुदत २ मेला संपते. त्या दिवशी ते मेळाव्याचा भाड्याचा तंबू परत करायला गेलेले असतात. जूनमध्ये कधीतरी ते लक्षात येते, तेव्हा नूतनीकरण अयनाला करायचे ठरते. त्या पहाटे ढग असतात, मग ऑगस्ट.