अधिक-उणे वीस

गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्वतःच्या हाताने जुळवणाऱ्या हौशी कारागिराच्या आयुष्याचे दोन कालखंड पडतात : ॲम्प्लिफायर वाजत नसतो तो पहिला, आणि तो उत्तम वाजत असूनही मल्टिमीटर खाली ठेवला जात नाही तो दुसरा. यांपैकी दुसरा कालखंड बराच लांबत असल्याने येथे त्याचाच विचार कर्तव्य आहे.

अभ्यासाला फेंडर कंपनीचा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘चॅम्प’ सोयीचा, कारण त्यात व्हॉल्व्ह अवघे तीन : गिटारचा क्षीण संदेश वाढवणारा १२एएक्स७, स्पीकर हलवण्याइतकी ताकद पुरवणारा ६व्ही६ आणि उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेची शिस्त लावणारा ५वाय३. मांडणी इतकी सुटसुटीत की चूक झाल्यास दोष ढकलायला जागाच उरत नाही.

मोजणीच्या वेळी मीटरची काळी तार चिमट्याने चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, लावतात, लाल तार उजव्या हातात धरतात आणि डावा हात खिशात ठेवतात. पाहणाऱ्याला ही ऐट वाटली, तरी ती वस्तुतः भीती असते. कारण तीनशेहून अधिक व्होल्टची वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे निघाली, तर तिची वाट छातीतून जाते. बटण बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर हे वीज साठवणारे घटक आपला साठा सहजी सोडत नाहीत. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटर शून्याजवळ आल्याची खात्री करूनच आत हात घालावा लागतो.

खरी परीक्षा ६व्ही६ ची. त्याच्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला, ४७० ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर १९ व्होल्ट भरले, तर ओहमच्या नियमाने प्रवाह सुमारे ४० मिलिॲम्पिअर येतो. त्यातून स्क्रीन ग्रिडचा, म्हणजे मधल्या जाळीचा, दोनएक मिलिॲम्पिअरचा वाटा वजा करून, प्लेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या टोकावर, ३४० व्होल्ट असल्यास, प्लेट आणि कॅथोड यांमधील ३२१ व्होल्टने गुणले की उत्तर १२.२ वॅट निघते. प्लेटने सोसायच्या उष्णतेची जुन्या माहितीपुस्तकांतील मर्यादा १२ वॅटची. या दशांश दोनने कारागिराची झोप उडते.

मग ४७० च्या जागी ५६० ओहमचा रेझिस्टर येतो. प्रवाह घटतो, परंतु भार हलका झाल्याने प्लेटचे व्होल्ट वर चढतात, आणि लग्नघरात एका व्याह्याचा मान राखावा तर दुसरा रुसून बसावा, तशी गत होते. सारे मनाजोगे जुळलेच, तर रात्री घरचा पुरवठा २३० वरून २४० व्होल्टवर जातो, प्लेटचे ३४० व्होल्ट ३५५ च्या घरात पोचतात आणि वहीतील आकड्यांचे नवे पान सुरू होते.

फेंडरच्या आराखड्यांवर मात्र बारीक अक्षरांत अशी टीप आढळते की, दिलेल्या व्होल्टांत अधिक-उणे वीस टक्के फरक चालेल. याचा अर्थ ३४० म्हणजे २७२ पासून ४०८ पर्यंत काहीही. मूळ कर्त्याने इतकी सढळ माफी देऊन ठेवली असताना कारागीर दशांश चिन्हापुढचा हिशेब मांडत बसतो. दरम्यान कोपऱ्यातील गिटारच्या सहाही तारा उतरलेल्या असतात. त्यांना किती टक्के सूट द्यावी, याविषयी आराखडा मौन पाळतो.