गांजाची एफआरपी

सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरावीक दिवसांनी उगवते. उसात गांजा सापडला. कधी माण-खटावकडे, कधी जतकडे. ऊस नसला तर मका, मका नसला तर हळद. फोटोही ठरलेला. मध्ये उपटलेली झाडं, मागे रांगेत पोलीस आणि कडेला टॉवेलात तोंड लपवलेला खातेदार. शहरातला वाचक मथळा बघून पान उलटतो. गावाकडचा वाचक मात्र शेवटच्या ओळीपर्यंत जातो, कारण तिथं ‘इतक्या लाखांचा मुद्देमाल’ असं छापलेलं असतं. मग तो आकडा आणि आपली उसाची पट्टी शेजारी ठेवून पारावर जो हिशेब होतो, तो कुठल्या शिवारफेरीत शिकवत नाहीत.

हा हिशेब अर्जावर उतरवायचं धाडस शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ऑगस्ट २०२१ मध्ये केलं. कलेक्टरांना रीतसर पत्र. कुठल्याच पिकाला भाव नाही, गांजाला आहे, सबब दोन एकरांत लावायला परवानगी मिळावी. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून १६ तारखेला लागण करीन. पोलिसांनी याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं. असेलही. पण अर्जातल्या गणिताला कुणी हात लावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की महाराष्ट्रानं हा विषय अधिवेशनात घ्यावा. नैतिक अडचण तर आपल्याकडं मुळात नाहीच. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून ठणठणीत आहे. नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, एवढंच. या बंदीच्या आधारानंच आपल्याकडं दारू विकली जाते. पिणाऱ्यानं परवाना काढायचा: एका दिवसाचा विदेशीला ५ रुपये, देशीला २, आणि जन्मभराची सोय १००० रुपयांत. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिप्पटवरून साडेचारपट केलं आणि त्या निर्णयांतून वर्षाला १४ हजार कोटी जादा येतील असं सांगितलं. बंदीच्या वाफ्यात एवढं पीक काढणाऱ्या सरकारला गांजा काय जड?

केंद्राचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आडवा येतो, हे खरं. गांजा लावला तर दहा वर्षांपर्यंत कैद. पण त्याच कायद्याचं दहावं कलम राज्यांना औषध आणि संशोधनापुरती लागवडीची मुभा देऊ देतं, चौदावं कलम धागा आणि बियांसाठी वाट ठेवतं. उत्तराखंडनं २०१८ मध्ये ही वाट धरली. हिमाचलच्या विधानसभेनं सप्टेंबर २०२४ मध्ये समितीचा अहवाल स्वीकारला आणि पालमपूर व नौणीची विद्यापीठं कामाला लागली. उत्तराखंडची अट अशी की झाडातला नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या वर जाता कामा नये. थोडक्यात, न चढणारा गांजा. दारूबंदीत दारू मिळते आणि गांजाच्या परवानगीत गांजा मिळत नाही. आपल्या कायद्यांचा समतोल राखायची ही पद्धत मला आवडते.

शिवाय कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे फुलाचा शेंडा. शेंड्याशिवायचं पान आणि बी त्यात धरत नाहीत, म्हणून तर भांग वेगळी राहिली. मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये एका जामिनाच्या अर्जावर हेच अधोरेखित केलं. तरी जप्तीत अख्खं ओलं झाड पाना-देठांसकट काट्यावर चढतं. ज्या मुलखात उसाची गाडी काट्यावरून हलकी होऊन उतरते अशी पिढ्यान्‌पिढ्या तक्रार आहे, तिथं शेतकऱ्याचा माल जास्त भरला जाण्याचा हा एकच प्रसंग असावा.

वाईत मार्च २०२१ मध्ये दोन जर्मन नागरिकांना भाड्याच्या बंगल्यात गांजा पिकवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ माणसाला घरी तीन झाडं लावायची कायदेशीर मुभा आहे. परदेशी पाहुण्यांनी आपल्याकडं येताना थोडा दम धरावा, दुसरं काय सांगणार?

आता अंमलबजावणी. आधी समिती. खरं तर एक तयार आहे. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारच्या आयोगानं ११९३ साक्षीदार तपासले, खंडच्या खंड छापले आणि सांगितलं की माफक सेवनानं फारसं बिघडत नाही, बंदी नको, नियंत्रण ठेवा आणि कर घ्या. पण सव्वाशे वर्षांपूर्वीचा अहवाल स्वीकारला तर नव्या समितीचा हिमाचल दौरा बुडतो.

समितीनंतर सहकार. कृष्णाकाठी काही पिकतंय आणि त्याला चेअरमन नाही, असं कसं चालेल? क्षेत्राची नोंद होईल. कारखान्याचा चिटबॉय तोडीची तारीख देईल, तारीख उलटेल, शेंडे वाळतील. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, उताऱ्यावर ठरेल, आणि उतारा नेमका आपल्याच गटाचा कमी लागेल. पैसे चौदा दिवसांत, म्हणजे आंदोलन धरून चौदा महिन्यांत. दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतराची अट मात्र साखरेपेक्षा या मालाला जास्त शोभेल. हळद शेतमाल आहे की नाही, हा प्रश्न घेऊन सांगलीचा अडत्या २०२१ मध्ये जीएसटीच्या प्राधिकरणापर्यंत गेला होता. वाळवलेला गांजा कुठल्या खणात टाकायचा, यावर निदान एक पिढी वकिली करील.

महसूल, अर्थात, बुडणार नाही. बुडेल तो पिकवणारा. हे मला खानापूर तालुक्यातल्या एका चहाच्या टपरीवर कळलं. मी परवानगीची बाजू रंगात येऊन मांडत होतो. कोपऱ्यातला एक मितभाषी गृहस्थ म्हणाला, “सायेब, परवानगी मातूर मागू नगासा. भाव हाय त्यो बंदी हाय म्हणून. उद्या मोकळीक दिली की समदं शिवार तेच लावणार. मग काय, कांद्यागत रस्त्यावर ओतायचा?”

मी कॅलिफोर्निया काढला. मग लक्षात आलं की कॅलिफोर्निया त्याच्याच बाजूनं आहे. तिथं लागवडीवर कर बसवला, माल वाढला, भाव कोसळले आणि जुलै २०२२ मध्ये तो कर उठवावा लागला. आपल्याकडं तर डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद करून शेतकऱ्याला दाखवून दिलंय की कायदेशीर पीक म्हणजे काय.

“आणि पोरं नादाला लागत्यात त्याचं काय?” टपरीवाल्यानं विचारलं. तो एकटाच कामाचं बोलला. पण पोरांसाठी आता झाड लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना मेफेड्रोन या रासायनिक नशेचा साठा कुपवाडात सापडला, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्व्याच्या औद्योगिक वसाहतीत तर ते बनवायचा कारखानाच निघाला. एमआयडीसीत उद्योग येत नाहीत म्हणून आपण रडत होतो. आला तो असा, पाऊस न लागणारा आणि उसात न लपणारा.

दारूचं दुकान बंद करायला बाया गावागावांत आडव्या बाटलीला मतं देतात, तशी उद्या आडव्या चिलमीला देतील, असं मी म्हणालो. कोपऱ्यातल्या गृहस्थानं पैसे ठेवले आणि उठता उठता म्हणाला, “त्ये तुम्ही ठरवा. पर सातबाऱ्यावर ऊसच ऱ्हाऊ द्या. सोसायटीचं कर्ज उसावर मिळतंया. मधल्या सरीचं आमचं आम्ही बघतो.”