प्रार्थनेची आई की मातीची आई? नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्या घरी पाळणा हलला आहे किंवा हलणार आहे, आणि लेकराचं नाव ठरण्याआधी ज्यांना स्वतःचा पंथ ठरवायचा आहे, त्यांच्यासाठी. पूर्वी ही अडचण नव्हती. सासूचा पंथ तोच सुनेचा. आता पुण्याहून भूम तालुक्यातल्या ईटला आलेली सून विचारते, “आई, तुम्ही यांना कोणत्या पद्धतीनं वाढवलं?” सासू म्हणते, “पद्धत कसली माय, ज्वारीची काढणी आली होती. झोळीत टाकलं अन् गेले रानात.” एवढ्यावर पंथ उभा राहत नाही. कार्यशाळा तर नाहीच नाही.

मातृत्वाचे पंथ पुष्कळ आहेत. आपण दोनच घेऊ: जुन्या वळणाची ख्रिस्ती आई आणि निसर्गमार्गी आई. पहिली ईटच्या भागाला नवी नाही. शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. दुसरी अलीकडची, ती शहरातून गावाकडे येते आणि गावाला गावासारखं कसं राहायचं ते सांगते. दोघी एकमेकींकडे पाहून नाक मुरडतात. अभ्यासाला एवढं कारण पुरे.

पायरी १: ओळख पटवणे

ख्रिस्ती आई रविवारी ओळखावी. उपासना दहाला असेल तर ती पावणेदहाला पदर डोक्यावर घेऊन चर्चमध्ये हजर, आणि मुलांच्या भांगातून तेल ओघळत असतं. मुलांची नावं रूथ, एस्तेर, योहान. रात्री घरची प्रार्थना होते. त्यात गावातल्या आजारी माणसांपासून पावसापर्यंत सगळ्यांची नावं येतात, आणि धाकटं लेकरू ‘आमेन’च्या आधीच झोपतं. सिनेमाबद्दल संशय, दारूबद्दल तिटकारा, आणि नाताळला करंज्या-चिवड्याचा फराळ, शेजारच्या दिवाळीच्या तोडीस तोड.

निसर्गमार्गी आई कोणत्याही वारी ओळखू येते. घाण्याचं तेल, रिठे-शिकेकाई, सुती लंगोट. लेकरू दोन वर्षांचं होईपर्यंत अंगावर पितं, आईच्या कुशीत झोपतं, मोबाइलचं तोंड बघत नाही. मुलांची नावं अवनी, मृदा, तरू. साखर घरात येत नाही. आली तर पाहुण्यांच्या पिशवीतून येते.

स्वाध्याय: दोघींच्या घरी न सांगता जा. पहिलीकडे चहाआधी देवाचे आभार मानले जातील. दुसरीकडे चहाच मिळणार नाही, गवती चहाचा काढा मिळेल.

पायरी २: गोंधळ करून घेणे

ओळख पक्की झाली असं वाटलं की पवित्र शास्त्रातल्या ‘नीतिसूत्रे’ पुस्तकाचा एकतिसावा अध्याय उघडा. जुन्या वळणाच्या ख्रिस्ती घरात आदर्श स्त्री म्हणून हाच अध्याय दाखवतात. त्यातली बाई रात्र असतानाच उठते, लोकर आणि ताग मिळवून स्वतःच्या हातांनी कातते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, वस्त्रं विणून व्यापाऱ्यांना विकते. अध्यायाचं नाव झाकून ही यादी एखाद्या स्वावलंबी जीवन शिबिराच्या पत्रकावर छापली, तर पुण्याहून नावनोंदणी सुरू होईल.

गोंधळ अजून कमी वाटत असेल तर अमेरिकेत डोकावा. अंगावरच्या दुधाचा जगभर प्रचार करणारी ‘ला लेचे लीग’ १९५६ मध्ये इलिनॉय राज्यात सात बायकांनी सुरू केली. सातही जणी कॅथलिक. संघटनेचं नावसुद्धा फ्लोरिडातल्या, बाळाला पाजणाऱ्या मरियेच्या देवस्थानावरून घेतलेलं. कारण त्या काळी वर्तमानपत्रात ‘स्तन’ हा शब्द छापणं अवघड होतं, मरियेचं नाव छापणं सोपं. लेकरू अंगाला बांधून ठेवा, कुशीत झोपवा, मागेल तेव्हा पाजा, असं सांगणारे बालरोगतज्ज्ञ विल्यम सीअर्स आज निसर्गमार्गी आयांचे गुरू मानले जातात. त्यांनी १९८५ मध्ये खास ख्रिस्ती आईबापांसाठी बालसंगोपनाचं पुस्तक लिहिलं होतं. गाजलेलं ‘द बेबी बुक’ नंतर आलं. म्हणजे निसर्गमार्गाच्या बऱ्याच पायवाटा चर्चच्या मागच्या दारातूनच निघालेल्या आहेत.

पायरी ३: प्रात्यक्षिक

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसा. खिडकीची जागा मिळाली तर अभ्यास चांगला होतो.

उरुळी स्टेशन आलं की समजा निसर्गमार्ग आला. १९४६ मध्ये गांधीजींनी इथे निसर्गोपचार सुरू केला आणि पुढे मणिभाई देसाईंनी ते काम आयुष्यभर चालवलं. माती, पाणी, ऊन, उपवास, साधं जेवण.

त्याच रुळांवर थोडं पुढे केडगाव. इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं. बायकांनी कसं वागावं याची तीही एक मार्गदर्शिकाच. पुढल्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि ख्रिस्ती झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली-बायका केडगावात आणल्या. दिनक्रम कडक, प्रार्थना रोजची. आणि कामं कोणती? शेती, विहिरी, फळबाग, गाईगुरं, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना. बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे बायकांनीच जुळवले. घाण्याचं तेल आणि हातमागाचं कापड आज निसर्गमार्गी आई प्रदर्शनातून आणते. केडगावला ते शंभर वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या घंटेवर तयार होत होतं.

निष्कर्ष वहीत लिहा: दोन्ही पंथ एकाच मार्गावरची स्टेशनं आहेत. प्रवाशांना ते माहीत नसतं, कारण प्रत्येक जण आपल्या स्टेशनला उतरून जातो.

पायरी ४: ईटमध्ये संसार मांडणे

आता प्रत्यक्ष कृती. ईटला निसर्गमार्ग सुरू करायचा तर साहित्य फारसं लागत नाही.

पाळणा: जुनं लुगडं, लिंबाची फांदी.

आहार: ज्वारीची भाकरी, हुलग्यांचे शेंगुळे, घरच्या उस्मानाबादी शेळीचं दूध. तालुका खव्याचा असल्यामुळे म्हशीचं दूधही कमी नाही, पण ते भट्टीकडे जातं. पहिले सहा महिने लेकराला आईच्या दुधाशिवाय काहीच नको. घुटीही नको, मधाचं बोटही नको. इथे सासू नाराज होईल. होऊ द्या.

लंगोट: सुती, धुऊन पुन्हा वापरायचे. इथे नवशिक्यांची पहिली अडचण येते. दिवसाला वीसेक लंगोट धुवायचे तर पाणी लागतं, आणि हा भाग पाण्याचा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मार्चनंतर टँकरची वाट बघत बसलेल्या बाईला कापडी लंगोटाचं पर्यावरणीय महत्त्व सांगू नये. सांगायचंच असेल तर हंडा हातात घेऊन सांगावं.

इथेच एक विशेष प्रावीण्यप्राप्त आई पाहून ठेवा. दिवाळीच्या सुमाराला या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या टोळीतली बाई लेकराला अंगावर पाजते, पाठीशी बांधते, फडाच्या कडेला झोळीत निजवते. लेकराचा सहवास चोवीस तास. प्लास्टिकची खेळणी नाहीत, शाळेचं दडपण नाही, दिवसभर मोकळी हवा. निसर्गमार्गाच्या सगळ्या अटी ती पूर्ण करते. तिला व्याख्यानाला मात्र कोणी बोलावत नाही. निसर्ग निवडता येणं ही चैन आहे. तिच्यावर तो येऊन पडलेला आहे.

पायरी ५: खरा फरक शोधणे

मग फरक काहीच नाही का? आहे. तो सापडण्यासाठी लेकराला भाकरी फेकू द्या.

जुन्या वळणाची ख्रिस्ती आई म्हणेल, “आताच आभार मानले ना या अन्नाचे? उचल. माफी माग.” तिच्या मते लेकराच्या मनाला लहानपणी वळण लावलं नाही तर मोठेपणी जग ते लावतं, आणि जग दयाळू नाही. ‘नीतिसूत्रे’त काठीचाही उल्लेख आहे, काही घरांत ती वचनं एकतिसाव्या अध्यायापेक्षा जास्त पाठ असतात.

निसर्गमार्गी आई उकिडवी बसून डोळ्यांत बघेल आणि विचारेल, “तुला राग आलाय का, बाळा?” तिच्या मते लेकराचं मन ऐकून घेतलं तर वळण आपोआप येतं. हे ऐकून घेणं कधी कधी संध्याकाळपर्यंत चालतं.

ईटची आजी भाकरी उचलेल, झटकेल, शेळीला घालेल आणि दुसरा तुकडा लेकराच्या हातात देईल. आजीचा पंथ कोणता, हे अजून ठरलेलं नाही.

पहिली आई आज्ञा पाळायला शिकवते, दुसरी मन ओळखायला. या बाबतीत दोघींच्या मधे उभं राहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. सोवळ्यात वाढलेली ही बाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाली, परक्यांची लेकरं घरात वाढवली, आणि धर्म, नवरा, स्वतःची फजिती या तिन्हींकडे बघून हसू शकली. हसता येणारी आई कुठल्याही पंथात खपते.

धोक्याच्या सूचना

१. आजारपणात प्रार्थना जरूर करा, काढाही द्या. पण लेकराची छाती उडत असेल, ते पीत नसेल, तर दोन्ही गोष्टी दवाखान्याच्या वाटेवर करा.

२. जन्मतःच्या लसींपासून नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलापर्यंत एकही चुकवू नका. गोवर आईचा पंथ विचारून येत नाही.

३. घरीच शिकवायचं असेल तर ठीक. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. हक्क मुलाचा आहे, आईच्या प्रयोगाचा नाही.

४. दोन्ही पंथांच्या पुस्तकांत बापाचं प्रकरण लहान असतं. एकात तो कुटुंबाचं मस्तक असतो, दुसऱ्यात ‘साथ देणारा जोडीदार’. लंगोट दोन्हींत आईच धुते. हे प्रकरण घरीच लिहून काढावं.

पायरी ६: शेवटची परीक्षा

परीक्षा केंद्र फार लांब नाही. भूम तालुक्याची हद्द ओलांडली की जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती, दोघंही वेल्लोरला शिकलेले. त्यांनी बघितलं ते असं: बाळंतपणं घरीच होत होती, सुईणीच्या हातून, कोणत्याही यंत्राशिवाय. पोट फार वाढू नये म्हणून गरोदर बाई कमी जेवायची. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकलं जायचं. नाळ मिळेल त्या हत्यारानं कापली जायची. सगळं कसं अगदी नैसर्गिक. आणि १९७१ मध्ये त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. तेही नैसर्गिकच.

या जोडप्यानं बायकांना प्रवचन दिलं नाही आणि सुईणींना हाकलून लावलं नाही. गावानंच निवडलेल्या बायकांना, त्यातल्या कित्येक दलित आणि निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. बाळंतपण घरी झालं तरी हात साबणानं धुतलेले, पातं आणि दोरा निर्जंतुक, चीक बाळाच्या पोटात, आणि लेकराचं वजन दर महिन्याला. अडलेली बाई वेळेत दवाखान्यात. पुढच्या दोन दशकांत बालमृत्यूंचा तो आकडा विशीच्या आसपास उतरला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेडची वाट विचारू लागले.

श्रद्धा होती, देशी सुईण होती, घरचं जेवण होतं, आईचं दूध होतं. दोन्ही पंथांचं सगळं साहित्य तेच. जास्तीचं काय होतं तर साबण, पातं आणि वजनकाटा. प्रार्थनेला विचारलं तर ती देवाची इच्छा सांगते, निसर्गाला विचारलं तर तो निसर्गाची. वजनकाटा कोणाचीच इच्छा सांगत नाही, लेकराचं वजन सांगतो.

म्हणून नवशिक्यांना शेवटची सूचना. पंथ कोणताही घ्या. वाटल्यास दोन्ही घ्या, रविवारी एक आणि बाकीचे दिवस दुसरा. फक्त महिन्यातून एकदा लेकराला कडेवर घेऊन अंगणवाडीत जा, काट्यावर ठेवा आणि कार्डावरची रेघ हिरव्यात आहे का ते बघा. पिवळ्यात घसरली असेल तर पुस्तक मिटा आणि आधी लेकराला जेवायला घाला.