आधी वही, मग रेंज

क्लाउड की कागद, यावर सॉफ्टवेअरवाले तासन्‌तास वाद घालतात. वांगणीसारख्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या गावी हा निकाल रेंज देते, आणि बहुधा वहीच्या बाजूने.

मार्च २०२१मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आलं. बाळाचं वजन-उंची थेट सर्व्हरवर! ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाईलच परत केले. २ जीबी रॅमच्या फोनवर ॲप चालेना, वर भाषा इंग्रजी. वातानुकूलित खोलीत, वायफायवर चाचणी घेणाऱ्याला हे दिसावं तरी कसं? ताईंनी नोंद आधी रजिस्टरात केली. रजिस्टरला अपडेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. वाळवी लागते, हे मान्य.

आणि क्लाउडचे हे पुजारी स्वतः काय करतात? सॉफ्टवेअरवाल्यांचा कोड ऑनलाइन साठवणाऱ्या गिटहबने २०२०मध्ये जगभरातला खुला कोड, तब्बल २१ टेराबाइट, फिल्मच्या १८६ रिळांवर उतरवून नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बंद कोळसा खाणीत ठेवला. हजार वर्षं टिकावा म्हणून. सोबत माणसाला डोळ्यांनी वाचता येईल अशी मार्गदर्शिकाही!

ताईंची मागणी एवढी मोठी नाही. खाण नको, एक लोखंडी कपाट चालेल.